आधी आपली एरियल काढा

नायब सुभेदार म्हणून फौजेतून बाहेर पडलो आणि नव्वदच्या दशकात बहारीनला गेलो. फौजेत मी सिग्नल्सचा माणूस, म्हणजे वायरलेस सेट आणि टेलिफोनच्या तारा. बहारीनलाही नशिबी हेडफोनच आला. फौजेत त्यातून शत्रू ऐकायचो, इथं गाणी ऐकायची.

आमचं ऑफिस जुफैरला होतं. कोणतं स्टेशन कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, किती पॉवरनं चालतंय, यावर नजर ठेवायची. देश चिमूटभर. इथलं एफएम समुद्रापलीकडे ऐकू जायचं, पलीकडचं इथं. म्हणून नियम असा की नवं स्टेशन लावण्याआधी शेजारी देशाला कळवायचं आणि त्यांची हरकत नाही असा फॅक्स आला की मगच सुरू करायचं. शेजाऱ्याचा आवाज आपल्याकडे घुसला, तर लेखी तक्रार करायची. उन्हाळ्यात वारा पडला आणि हवा दमट झाली की शेकडो मैलांवरची स्टेशनं शेजारच्या खोलीत लावल्यासारखी यायची. "आले पाहुणे," आम्ही म्हणायचो आणि तक्रार लिहायला घ्यायचो. ती सवयच लागली होती.

तसाच एक दिवस होता. समुद्रावर दुधाळ धुकट पसरलेलं. दुपारी विमानतळावरून फोन आला. तेलविहिरीवरून माणसं घेऊन येणाऱ्या हेलिकॉप्टरच्या चॅनलवर एफएम घुसलं होतं. टॉवरला पायलट ऐकू येत होता, पायलटला टॉवर ऐकू येत नव्हता. दुसऱ्या चॅनलवर जा, हे सांगायलाही मार्ग नव्हता.

त्या हेलिकॉप्टरमध्ये दाऊद होता. रत्नागिरीकडचा, माझ्याच युनिटमधला, आता तेलविहिरीवर रेडिओ ऑपरेटर. सुट्टीवर येत होता. संध्याकाळी मआमीरच्या त्याच्या खोलीवर सुरमई ठरली होती.

मी रिसीव्हर त्या चॅनलवर लावला. गाणं चालू होतं आणि त्याच गाण्यात बातम्याही. अधूनमधून पायलट.

"टॉवर, से अगेन. आय कॅन नॉट रीड यू. से अगेन."

आवाज शांत होता. घाबरलेला माणूस मुद्दाम शांत बोलतो, ते मी फौजेत पुष्कळ ऐकलं आहे.

आमचे साहेब, इंजिनिअर जासिम, दिशा दाखवणाऱ्या यंत्रापाशी उभे होते. काटा पश्चिमेला, शेजारी देशाला जोडणाऱ्या समुद्रपुलाच्या दिशेनं.

"गायकवाड, ये उधर का है," ते म्हणाले. "मैं फॅक्स करता हूँ."

काटा खोटं बोलत नव्हता. पण पुलाच्या त्याच रेषेत, अलीकडे, आमच्याच देशाचा मनोरा होता. त्यावर जुन्या स्टेशनशेजारी नवं स्टेशन लावलेलं. आठवडाभर कमी पॉवरवर चाचणी चालली होती, आज दुपारपासून ते पूर्ण पॉवरवर आलं होतं. शेजाऱ्यांची संमती आलेली, कागद चोख. म्हणून त्याच्याकडे कुणाचं बोट जात नव्हतं. माझंही गेलं नसतं, पण आमच्या उस्तादांचे शब्द कानात वाजले.

हवालदार थोरात. दाऊदला आणि मला सेट चालवायला त्यांनीच शिकवलं. सेटवर खरखर आली की नवे जवान ओरडायचे, "उस्ताद, दुश्मन जॅम करतोय!" उस्ताद म्हणायचे, "आधी आपली एरियल काढा, मग दुसऱ्याच्या नावानं बोंब मारा." एरियल काढली आणि खरखर थांबली, तर ती बाहेरची. नाही थांबली, तर दोष आपल्याच सेटचा.

"सर, पहले अपना नया स्टेशन बंद करके देखते हैं. आधा मिनट."

"ऑन एअर है, गायकवाड. लिखित परमिशन के बिना? मेरी नौकरी जाएगी, तुम्हारा व्हिसा."

"सर, रूल में ही लिखा है. जान का सवाल हो तो पहले बंद, बाद में कागज."

ते नियम त्यांनीच मला शिकवले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रुमालानं मान पुसली आणि मनोऱ्यावर फोन लावला. "न्यू चॅनल बंद करो. हाँ, अभी. मैं बोल रहा हूँ. यल्ला!"

कॅन्टीनमध्ये नवं स्टेशन लावलेला रेडिओ मधेच गप्प झाला. माझ्या हेडफोनमधलं गाणं गेलं, बातम्याही गेल्या. मग स्वच्छ आवाज आला.

"टॉवर, रीडिंग यू फाइव्ह. गो अहेड."

टॉवरनं पहिलं वाक्य उच्चारलं ते डावीकडे वळायचं. समोरून, त्याच उंचीवर, दुसरं विमान उतरत होतं. मी खुर्ची ओढून बसलो.

एकाच मनोऱ्यावर दोन स्टेशनं जोरात चालली की त्यांच्या मिसळणीतून तिसरंच भूत उठतं, आणि ते भूत विमानांच्या चॅनलवर जाऊन बसलं होतं. पुढे तिथं फिल्टर बसवला. जासिमसाहेबांना वरून बरंच ऐकावं लागलं, पण नोकरी राहिली. शेजाऱ्यांना जाणारा फॅक्स त्यांनी स्वतःच्या हातानं फाडला.

संध्याकाळी दाऊदनं सुरमई तळली. तेल दोनदा उडालं.

"पायलटच्या बाजूलाच बसलो होतो रे," तो म्हणाला. "कानात गाणा नि बातम्या. त्याचा तोंड बघितला नि मी कलमाच पढाय लागलो. कोणी बंद केला?"

"जासिमसाहेबांनी. उस्तादांच्या हुकमानं."

दाऊदनं गॅस बंद केला. आम्हा दोघांनाही सरहद्दीवरची ती चौकी आठवत होती. गोळाबारी चालू होती आणि सेटवर नुसती खरखर. मी ओरडलो होतो, "उस्ताद, दुश्मन जॅम करतोय!" त्यांनी नेहमीसारखी आधी एरियल काढली. खरखर थांबली. आवाज खरोखरच पलीकडचा होता.

"आज बरोबर बोललास, गायकवाड," ते म्हणाले. मग त्यांनी टेलिफोनच्या तारेचं ड्रम पाठीवर घेतलं आणि खालच्या चौकीपर्यंत लाइन टाकायला निघाले. लाइन जोडली गेली. तिच्यावर त्यांचाच आवाज आला, "कसा येतोय आवाज?"

"स्वच्छ, उस्ताद," मी म्हणालो.

परत येताना ते गेले.

दाऊदनं तिसरं ताट वाढलं. सुरमईचा पहिला तुकडा मी त्यात ठेवला.