दारं धरणं

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. पुण्यातल्या एका कंपनीत मी आणि माझा एक सहकारी, आम्ही दोघं एकच सर्व्हर घडवत होतो. त्याच्या डिस्कवरून पन्नास टीव्हींना एकाच वेळी पन्नास वेगळे व्हिडिओ जायला हवे होते, तेही कुठे न अडखळता. मी महाळुंगे पडवळचा, तो डिंगोऱ्याचा. ज्याचा आराखडा चालेल तो टीमचा प्रमुख होणार होता, आणि मला ते व्हायचंच होतं.

माझा आराखडा सरळ होता. प्रत्येक टीव्हीला ओळीने सारखी पाळी. पण बसून गाणाऱ्या बुवांचं चित्र सुरळीत चाले आणि कबड्डीचं अडके, कारण पळापळीला डेटा जास्त लागतो. चार महिने मी तिथेच डोकं आपटत होतो.

संक्रांतीच्या सुट्टीत तो माझ्याबरोबर घरी आला. मी पडवीत पेपर वाचत बसलो आणि हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्या वडिलांसोबत दारं धरायला गेला, म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला. ते काम मी लहानपणापासून "अभ्यास आहे" म्हणत टाळलेलं. ओळीने पाणी का देत नाही, असं त्याने विचारलं असावं.

"वळीनं न्हाई, पावणं," वडिलांचा आवाज पडवीपर्यंत आला. "मुरमाडातला कांदा लई लवकर सुकतो. ज्याचं आधी सुकंल, त्याचं दार आधी फोडायचं."

मीही ते ऐकलं, आणि पेपरचं पान उलटलं.

पंधरा दिवसांत त्याने डिस्कला तेच शिकवलं. ज्या टीव्हीकडचा साठा आधी संपेल, त्याला आधी. पन्नासच्या पन्नास चित्रं चालली. माझा नुसता जळफळाट झाला. वर त्याने प्रोग्रामला नाव दिलं 'दारं'. साहेब मराठी नव्हते, त्यांनी अर्थ विचारला.

"ह्यालाच विचारा," तो म्हणाला. "ह्याच्या वडिलांचं आहे ते."

त्याचा हा चांगुलपणा तर मला अजिबात सोसेना.

"दरवाजे," मी म्हणालो. "विशेष काही नाही."

प्रमुख तोच झाला. पुढच्या वेळी घरी गेलो तर वडील खुशीत होते. त्याने त्यांना फोन करून सगळं सांगितलं होतं.

"सायबाला तूच समजावलंस म्हणं," ते म्हणाले. "दारं कशी धरत्यात ते तुला ठावं हाय, हे मला आत्ता कळलं."