‘नाव कळायचे आहे’

श्रीमती सरोजिनी येमूल यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली असे मी म्हणतो. बाईंच्या मते ती साधी विचारपूस होती. मी तेव्हा सोलापूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. बंद पडलेल्या एका गिरणीचा जुना फोटो आम्ही छापला होता आणि खाली दोन पाहुण्यांची नावे देऊन पुढे ‘व कामगार’ एवढेच लिहिले होते. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, हातात छत्री घेतलेल्या एक बाई ते कात्रण घेऊन माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

“मधल्या दोघांची नावं आहेत. बाकीचे काय खुर्च्या आहेत का?”

“बाई, जागा कमी होती.”

“फोटोत उभं राहायला त्यांना जागा होती की.”

मी त्यांना बसवले, चहा मागवला आणि यात तुमच्या ओळखीचे कुणी आहे का, असे विचारले. त्यांनी डावीकडून तिसऱ्या माणसावर बोट ठेवले. “हे माझे वडील. पण माझ्या एकटीच्या सांगण्यावर छापू नका. अजून कुणाला तरी विचारून घ्या.”

आमच्या धंद्यात माणसे आपले नाव छापून यावे म्हणून येतात. आधी खात्री करा, मग छापा, असे सांगायला आलेले माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बाई सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या विणकर कुटुंबातल्या. आयुष्यभर त्यांनी शाळेत गणित शिकवले. निवृत्तीनंतर त्या संगणकाच्या क्लासला गेल्या, वर्गातल्या सगळ्यांत वयाने मोठ्या म्हणून मास्तर त्यांना घाबरत असत असे त्या हसत सांगतात, आणि तिथून बाहेर पडल्यावर त्यांनी स्वतःचे संकेतस्थळ सुरू केले. त्याचे नाव ‘डावीकडून’. सोलापूर आणि आसपासच्या शाळा, गिरण्या, विडी कारखाने, भजनी मंडळे यांचे जुने समूहफोटो तिथे आहेत. फोटोतला प्रत्येक चेहरा क्रमांक लावून वेगळा केलेला आहे आणि प्रत्येक क्रमांकापुढे नाव आहे. ज्याचे नाव मिळालेले नाही त्याच्यापुढे एकच वाक्य आहे : ‘नाव कळायचे आहे.’

नाव लिहिण्याचा बाईंचा नियम साधा आणि जाचक आहे. एकमेकांशी न बोललेल्या दोन माणसांनी तेच नाव सांगितले पाहिजे, आणि त्यांतला एकही घरचा नको. त्यासाठी त्या फोटोची प्रत पिशवीत घेऊन फिरतात. पहिल्याने काय सांगितले ते दुसऱ्याला कळू देत नाहीत. मी एकदा त्यांच्यासोबत गेलो होतो. एक म्हातारे गृहस्थ आठवता आठवता अडखळले, तेव्हा मला राहवले नाही आणि मी नावाचे पहिले अक्षर सुचवले. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, “आता हे गेले वाया. उत्तर सांगितलं की वर्गातल्या सगळ्यांनाच गणित येतं.” त्या नावासाठी त्यांनी पुन्हा नवा माणूस शोधला.

हा काटेकोरपणा माणसांना कोरडा वाटतो. तो तसा नाही. मी निवृत्त झालो त्या दिवशी आमच्या संपादकीय विभागाचा एक जुना फोटो बाईंनी चौकटीत घालून मला दिला. मागे सगळ्यांची नावे होती. कडेला अर्धाच आलेला, चहाचा ट्रे धरलेला हात होता. त्या हाताचेही नाव होते. ते शोधायला त्या माझ्याच दोन जुन्या सहकाऱ्यांकडे वेगवेगळ्या दिवशी जाऊन आल्या होत्या आणि मला पत्ता लागू दिला नव्हता.

आता जरा न आवडणारे लिहितो. ‘डावीकडून’वर हल्ली फारसे कुणी येत नाही. पूर्वी पत्रे येत, ई-मेल येत, “मागच्या रांगेतले आमचे मामा” असे सांगणारे फोन येत. आता फोटो तिथून उचलला जातो, क्रमांक आणि नावे कापली जातात आणि तो मोबाईलवरच्या कुठल्या तरी ग्रुपात पडतो. त्याखाली जोडलेले हात, बदाम, ‘गेले ते दिवस’. संध्याकाळपर्यंत तो वाहून जातो. काही दिवसांनी तोच फोटो दुसऱ्या गावाचा म्हणून परत येतो, आणि तेच लोक पुन्हा हात जोडतात. माझ्या ओळखीत एकेकाळी बऱ्याच जणांची स्वतःची संकेतस्थळे होती : एक सर्पदंशावर लिहिणारे डॉक्टर, एक नाट्यवेडे वकील, बार्शीचे एक धान्याचे व्यापारी जे जुन्या वजनमापांवर लिहीत. परवा सहज त्यांचे पत्ते उघडून पाहिले. एक उघडलाच नाही, उरलेल्या दोन्ही ठिकाणी जुगाराची जाहिरात होती. ही मंडळी आता ग्रुपांवर असतात आणि सकाळी फुलांचे फोटो पाठवतात. मीही पाठवतो. राग यावा इतके त्राण आता राहिलेले नाही.

या सगळ्यात बाईंचे काय पणाला लागले होते, ते महिबूबभाईंच्या गोष्टीवरून कळेल.

महिबूबभाई बार्शीत गॅरेज चालवतात. त्यांच्या आई, जैनबबी, सोलापुरात विड्या वळत. महिबूबभाई अगदी लहान असताना त्या वारल्या आणि मुलाला मामांनी बार्शीला नेले. घरात आईचा एकही फोटो नाही. बाईंच्या संकेतस्थळावर विडी कामगार बायकांच्या साक्षरता वर्गाचा एक फोटो आहे. तो कुणीतरी उचलून ग्रुपात टाकला आणि दुसऱ्या रांगेतल्या कडेच्या बाईवर खूण करून लिहिले, ‘या आमच्या महिबूबच्या अम्मी.’ मग काय, शेकडो लोकांनी होकार दिला. महिबूबभाईंनी तो चेहरा मोठा करून घरात लावला, हार घातला, आणि चांगली प्रत मिळावी म्हणून ते बाईंकडे आले. येतात तर संकेतस्थळावर त्याच चेहऱ्यापुढे ‘नाव कळायचे आहे.’

त्या दिवशी मी तिथेच होतो.

“बाई, नाव टाका की आता.”

“दोन माणसं मिळू देत.”

“दोन? आवो, सगळी दुनिया म्हणतीय. तुमीच एकट्या न्हाय म्हणताय व्हय?”

“मी नाही म्हणत नाही, भाऊ. कळायचं आहे म्हणते. दुनियेत पहिल्यांदा कोण म्हणालं? बाकीच्यांनी त्याचंच वाचलं.”

महिबूबभाईंचा आवाज चढला. “तुमच्या सोताच्या बापाचं नाव असतं तर एका मिंटात टाकलं असतं!”

 बाईंनी संगणकावर गिरणीचा तो फोटो उघडला, पहिल्या भेटीत माझ्यासमोर धरला होता तोच. डावीकडून तिसरे. पुढे लिहिले होते : ‘नाव कळायचे आहे.’

“हे माझे वडील,” बाई म्हणाल्या. “एवढ्या वर्षांत घराबाहेरचा एकच साक्षीदार मिळाला. दुसऱ्याची वाट बघतेय.”

महिबूबभाई खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, “चहा तरी पाजा.”

पुढचे कित्येक महिने बाई तो फोटो घेऊन फिरल्या. पूर्व भागातल्या एका वृद्ध विडी कामगार बाईंनी एक नाव सांगितले. त्याच वर्गातल्या दुसऱ्या एक बाई सांगोल्याला लेकीकडे राहायला गेल्या होत्या. त्यांनीही तेच सांगितले. ते नाव जैनबबींचे नव्हते.

हे फोनवर सांगता आले असते. बाई एसटीने बार्शीला गेल्या. महिबूबभाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, “मग हार काढू का?” बाईंनी सांगितले, “ते तुमचं घर. माझ्या पानावर मात्र त्यांचं खरं नाव जाईल.” हार तिथेच राहिला, असे मी ऐकतो. तिथून परतल्यावर बाईंनी संकेतस्थळावर एक नवे पान केले. त्यावर फक्त एक मोकळी चौकट आहे. खाली लिहिले आहे : ‘जैनबबी. विडी कामगार, सोलापूर. फोटो मिळायचा आहे.’

यंदा बाईंची पंच्याहत्तरी. त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी गौरव समिती केली. समितीचे प्रमुख राजशेखर बिराजदार, बाईंचे विद्यार्थी, आता अक्कलकोट रस्त्यावर टॉवेलचा कारखाना चालवतात. त्यांच्या मनात बाईंविषयी खरी माया आहे. बाईंचे डोळे अधू झाले आहेत, संकेतस्थळ जुने झाले आहे, निम्मे फोटो उघडत नाहीत, आणि इंटरनेटवरची जागा भाड्याने देणारी कंपनी इंग्रजीत धमकीवजा मेल पाठवत असते, हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी ठरवले की सगळे फोटो एका लोकप्रिय समाजमाध्यमावरच्या पेजवर हलवायचे आणि संकेतस्थळ बंद करून बाईंना मोकळे करायचे. हीच समितीची भेट.

बैठकीत त्यांनी ते मांडले. “बाई, तुमी आता काई करायचं न्हाई. नुसतं बगायचं. लोकं लई येतेत तितं.”

आम्हाला वाटले, बाई रागावतील. त्या म्हणाल्या, “करा. मी दमले.”

त्यांच्या तोंडून हा शब्द मी पूर्वी ऐकला नव्हता.

नमुना म्हणून राजशेखर यांनी काही फोटो आधीच पेजवर टाकले होते. बाईंनी भिंग धरून पाहिले. नाव न कळलेल्या एका चेहऱ्याखाली माणसांनी नावांची झुंबड उडवली होती आणि त्यावरून दोन घराण्यांत जुंपली होती. “एवढी माणसं एकाच खुर्चीवर कशी बसली असतील रे?” बाईंनी विचारले. सगळे हसले, राजशेखरही हसले.

मग बाई म्हणाल्या, “आणि जैनबबींचं पान?”

“त्यात फोटोच न्हाई की, बाई. मोकळी चौकट कोन बगणार? खाली खाली जाऊन दिसायची बंद होती.”

बाईंनी भिंग पिशवीत ठेवले. “तेवढं एक पान जुन्या जागी राहू दे. बाकीचं न्या.”

“एका पानासाठी सगळी साइट चालू ठिवायची?”

“महिबूबभाईंना मी पत्ता दिलाय. ते कधीमधी उघडून बघतात. कुणी फोटो आणून दिला का म्हणून.”

 राजशेखर म्हणाले, “एक पान ठिवायचं तर सगळंच ठिवायला काय जातंय? मेल माझ्याकडं वळवा. इंग्रजीत शिव्या खायची सवय हाय मला.”

तसे झाले आहे. पेजही आहे, संकेतस्थळही आहे. गर्दी पेजवर आहे. ती संकेतस्थळाकडे वळेल असे मला वाटत नाही, बाईंनाही वाटत नाही, आणि या गौरवग्रंथात खोटा उत्साह छापण्याचे माझे वय नाही. बाई अजून सकाळी तासभर बसतात. मध्यंतरी त्यांनी आणखी एक बदल केला. ‘हे संकेतस्थळ कोण चालवते’ या पानावर त्यांनी स्वतःचा एक फोटो टाकला. कारखान्याच्या ओसरीवर राजशेखर यांनी काढलेला. बाई बसल्या आहेत आणि शेजारी एक रिकामी खुर्ची आहे. दोन्हींना क्रमांक दिले आहेत.

१. सरोजिनी येमूल.

२. यांच्यानंतर. नाव कळायचे आहे.

मी विचारले, “राजशेखर यांचं लिहू का?”

“तो मेल बघतो. फोटो घेऊन दारोदार फिरतो का, ते बघू. अन् दोन माणसांनी सांगू दे.”

बाईंचा नियम आपल्या सर्वांना ठाऊक आहे. त्या दुसऱ्या खुर्चीसाठी एकमेकांशी न बोललेली दोन माणसे एकच नाव सांगतील तोपर्यंत, आणि त्यानंतर त्या नावाची नीट परीक्षा घेण्यापुरती आणखी काही वर्षे, बाईंची प्रकृती ठणठणीत राहो, डोळ्यांना उजेड राहो. गिरणीच्या फोटोत डावीकडून तिसऱ्या माणसाला तोवर त्याचा दुसरा साक्षीदार मिळो. घाई कुणालाच नाही. बाईंनी आम्हाला तेवढे तरी शिकवले आहे.