राष्ट्रगीतातली उशिराची झांज

झांजवाले काका रेडिओच्या वाद्यवृंदात आयुष्यभर झांजा वाजवत होते, म्हणजे खरं तर वाट बघत होते. व्हायोलिनवाल्यांचे हात मोडायची वेळ यायची आणि हे मागच्या रांगेत मांडीवर दोन पितळी थाळ्या घेऊन बसलेले. राष्ट्रगीतात तर त्यांचा ठोका एकच, अगदी शेवटी. "पगार मात्र पुरता घेता," असं कोणी चिडवलं की म्हणायचे, "तू चुकलास तर शेजारच्याला कळतं. मी चुकलो तर देशाला कळतं."

आणि ते चुकलेच. रोज सकाळी रेडिओ सुरू होताना लागणारं राष्ट्रगीत याच वाद्यवृंदानं वाजवलेलं. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी पुन्हा पुन्हा वाजवून सगळे पिळून निघाले होते. शेवटच्या खेपेला सगळं जमून आलं आणि काकांची झांज किंचित मागे पडली. संचालक म्हणाले, "राहू दे, आता कोणाच्या फुंकेत दम उरलेला नाही." ती चूक पुढं वर्षानुवर्षं अख्ख्या देशानं ताठ उभं राहून ऐकली. कोणाच्या लक्षात आली नाही. काकूंच्या आली.

काकू, त्यांची बायको, जिभेची तिखट. "लग्नाला उशिरा, घरी उशिरा, आता देशाच्या गाण्यातही उशिरा. तिथं तरी लाज राखायची." रोज सकाळी ती झांज पडली की आतून आवाज यायचा, "आले एकदाचे." मी शेजारी राहतो आणि आमच्यातली भिंत पातळ आहे. हे वाक्य ऐकतच मी मोठा झालो.

पुढं काकूंना विसर पडत गेला. आधी वस्तूंची नावं गेली, मग मुलीचं, मग नवऱ्याचा चेहरा. घरात कोणी परका शिरलाय म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या, त्याच्या हातचा घास घ्यायच्या नाहीत. पण सकाळी रेडिओवर झांज पडली की मान वळायची. "आले एकदाचे," म्हणायच्या आणि समोरच्या माणसाला ओळखायच्या. तेवढ्यात काका त्यांना भरवून घ्यायचे, केस विंचरायचे, चार बोलणी खाऊन घ्यायचे. मग पुन्हा भिंत. "दिवसातून एकदा का होईना, मी घरी येतो," काका म्हणायचे.

मग वरच्यांना वाटलं, राष्ट्रगीत फार रेंगाळतं. तरुण देशाला म्हणे तरुण लय हवी. वाद्यवृंदाला घरी बसवलं आणि एका बंद खोलीत एकाच माणसानं यंत्राची बटणं दाबून सगळी वाद्यं उभी केली. चकचकीत, धावतं राष्ट्रगीत. झांज नाहीच, शेवटी कसलासा गडगडाट.

पहिल्या दिवशी ते लागलं, संपलं, आणि काकू वळल्या नाहीत. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

माझं डोकं फिरलं. तडक रेडिओच्या कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, "जुनी टेप? तिच्यावरच नवं घेतलं. आमच्याकडे टेप अशाच वापरतात."

"दुसरी प्रत?"

"अहो पुढारी, रोज लागणाऱ्या गोष्टीची प्रत कोण ठेवतो?"

दुसऱ्या शहरांतही राष्ट्रगीत इथूनच तारेनं जायचं, म्हणजे तिथंही प्रत नाही. मी दारात बसकण मारली, तर पहारेकऱ्यानं बखोट धरून उठवलं. मग गल्ली पालथी घातली. लोकांनी घरच्या टेपवर लग्नं भरून ठेवली होती, पोरांची रडणी, सिनेमाची गाणी. राष्ट्रगीत एकाकडेही नाही. एकजण म्हणाला, "घरी कोण भरणार? लावलं की उभं राहावं लागतं."

झांजा तेवढ्या मिळाल्या. काकांच्याच, रेडिओच्या कचेरीतून भंगारात निघाल्या होत्या, मी उचलून आणल्या. चोरी म्हणायची तर म्हणा.

काका नव्या लयीला भिडले. दोन झांजांमध्ये फडकं घालून दिवसभर सराव. "या खेपेला नाही चुकायचो," म्हणाले, आणि मीही मान डोलावली. एवढा शहाणा मी, पण माझ्याही टाळक्यात शिरलं नाही.

त्या सकाळी मी तिथंच होतो. राष्ट्रगीत शेवटाला आलं आणि काकांनी झांज मारली. बरोबर ठोक्यावर, यंत्राच्या तोडीस तोड. खिडकीच्या काचा थरथरल्या. काकू वळल्या. झांजांकडे बघितलं, मग काकांकडे.

"छान वाजवता हो तुम्ही," काकू म्हणाल्या, पाहुण्याशी बोलावं तसं. "आमचे हेही वाजवतात. पण मेल्याला कायम उशीर."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काका, उद्या मुद्दाम उशिरा मारा."

"अरे, ती चूक होती. ठरवून कशी जमायची?"

तरी त्यांनी करून बघितलं. पण नवं राष्ट्रगीत संपतं न संपतं तोच साबणाची जाहिरात अंगावर येते. झांज पडली ती तिच्यात. काकूंनी कान झाकले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. वरच्या मजल्यावरचे भांडायला आले. त्यांना मी धुऊन काढलं, पण काय उपयोग. काकांनी झांजा खाटेखाली सरकवून दिल्या.

आता काकू भिंतीकडे बसत नाहीत, दाराकडे बसतात. घास पुढं केला की म्हणतात, "हे आले की जेवते." मुलगी येऊन बळेबळे चमचाभर पाणी घालते. अंगावर कातडं तेवढं राहिलंय. आज सकाळीही राष्ट्रगीत लागलं. काका सवयीनं उठून ताठ उभे राहिले. ते संपलं, साबण संपला, बातम्या सुरू झाल्या, तरी ते तसेच उभे.

"बसा हो तुम्ही," काकू त्यांना म्हणाल्या. "येतीलच ते. त्यांचं नेहमीचंच आहे."

काका बसले.