झुल्मिरा मावशीची उशी

आमच्या फ्लोरेस बेटावर मेलेल्या माणसाच्या डोक्याखाली नेच्याची उशी हवीच. डोंगरातल्या ओल्या रानात हा नेचा जमिनीलगत पसरतो, खोडावर त्याच्या तांबूस लव येते. ती मुळाला धक्का न लावता अलगद काढायची, पाव भाजून झाले की कोमट भट्टीत वाळवायची, उशीत भरायची. हे काम झुल्मिरा मावशीचं. मी तिची शेजारीण, ऐकीव काही सांगत नाही.

रानाचा मालक अमारो, त्याने गाईंच्या कुरणापायी ते सगळं रान तोडून जाळायला काढलं. मावशी त्याच्या अक्षरशः पाया पडली. "अरे, आई माझी अंथरुणाला खिळलीय. तिच्या उशीपुरती लव काढू दे, मग लाव काय ती आग."

तर हा मेला हसला! "म्हातारीला काय, पेंढासुद्धा चालेल."

म्हातारी पेंढ्यावर डोकं ठेवूनच पेटीत गेली. मावशी रडली नाही. दफनाहून परतताना मला म्हणाली, "याला मी सोडत नाही."

मग ती पलीकडच्या कड्यांवर जायला लागली, जिथे बकरीसुद्धा जपून पाय टाकते. वर्षानुवर्षं चिमूट चिमूट लव आणली, तेव्हा कुठे एक उशी झाली. कितीजण मागायला आले, कुणाला दिली नाही.

पुढे अमारोला पोटाचं दुखणं लागलं. पाद्री मरणाआधीचं शेवटचं तेल कपाळाला लावून गेले आणि त्याची लेक ओदेते मावशीच्या दारात आली. "मावशी, बाबांनी उशीचा ध्यास घेतलाय. द्याल का हो?"

"चल," मावशी म्हणाली. मी चाटच पडले! मागोमाग गेले, न जाऊन सांगते कुणाला.

मावशीने स्वतः त्याचं डोकं उचललं, उशी सरकवली. अमारोचा चेहरा सैल पडला, डोळे भरून आले.

"कशी आहे रे?"

"मऊ आहे गं झुल्मिरा. देव तुझं भलं करो."

"मऊ आहे ना? लक्षात ठेव हं." आणि तिने उशी खस्सकन ओढून काढली, काखेत मारली.

ओदेते पाय धरून रडली, पण मावशी थांबली नाही. लोक तिला कैदाशीण म्हणतात. म्हणेनात का! तिच्या आईला पेटीत ठेवताना मी पाहिलंय.

अमारो लगेच मेला नाही. ओदेते सांगते, शेवटपर्यंत तो डोक्याखाली हात घालून चाचपत होता.