जावयाच्या गाडीतलं माहेर

जगातल्या सगळ्या विहिणी मान मिळवण्यासाठी रुसतात. आमच्या विहीणबाई मात्र मान देऊन देऊन समोरच्याला जेरीस आणतात. मी बसल्याशिवाय त्या बसत नाहीत आणि त्या उभ्या असताना मला बसवत नाही. त्यामुळे जबलपूरच्या सदर बाजारात चाट खायला गेलो आणि एकच स्टूल मोकळं असलं, की आम्ही दोघीही उभ्यानेच खातो. सुरुवातीला मला वाटायचं, ही बाई माझी थट्टा करते आहे. नंतर कळलं, की थट्टाही करते आणि मानही मनापासून देते, आणि त्यांचं त्यांनाही कुठलं कुठे संपतं ते ठाऊक नसावं.

तर या बाईंच्या लेकीचं, म्हणजे माझ्या सुनेचं, पहिलं बाळंतपण आलं. पोरं बंगळुरूला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं हे विहीणबाईंच्या लेखी ठरलेलं, पण डॉक्टरीणबाईंनी सुनेचा प्रवासच बंद केला.  मग एका सकाळी आमच्याकडे येऊन विहीणबाईंनी जाहीर केलं, "माहेर काय स्टेशन आहे काय जी, जागचं हलत नाही म्हणायला? पोरगी येऊन नाही राहिली, तर माहेर तिच्याकडे जाईल." विमानात माहेर मावण्यासारखं नव्हतं. माझ्या मुलाची गाडी मात्र जबलपूरला आमच्या दारात धूळ खात उभी होती आणि ती त्याला पोचवायचीच होती. दोघींच्या नवऱ्यांनी आपापल्या कंबरेची कारणं सांगून रेल्वेची तिकिटं काढली. विहीणबाई, त्यांची शाळेपासूनची मैत्रीण शोभा आणि मी, अशा तिघी गाडीने निघालो. चालवणार त्या दोघी, माझ्याकडे फक्त मान घ्यायचं काम. डिक्कीत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, धुरीची शेगडी, लोखंडी कढई, पाट, बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून घासाघीस करून आणलेलं मलमल आणि जुन्या साड्यांची मऊ दुपटी. अंगणातल्या तुळशीची कुंडी मागच्या सीटवर शोभाच्या मांडीत. बाळाला अजून बराच अवकाश होता, तेव्हा रमतगमत जायचं ठरलं.

खरी पंचाईत शहराबाहेर पडल्यावर कळली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही जुनी चाल विहीणबाई पाळतात. लग्नानंतर बंगळुरूला गेल्या तेव्हाही लेकीला भेटायच्या आणि जेवायला शेजारच्या तमिळ बाईकडे जायच्या; त्या बाईशी त्यांची अजून मैत्री आहे. आता ही गाडी जावयाच्या नावावर, म्हणजे लेकीचंच घर. तहान लागली की गाडी बाजूला घ्यायची, खाली उतरायचं आणि झाडाखाली उभं राहून प्यायचं. मी म्हटलं, अहो, बाटली तुमची, पाणी तुमच्या नळाचं. तर म्हणाल्या की छप्पर तर जावयाचं आहे. बडीशेपेचे चार दाणे खायलासुद्धा त्या खाली उतरल्या. खुद्द गाडीलाही त्या जावईबापू म्हणत होत्या. खड्ड्यात चाक आदळलं की तिची माफी मागत, आणि शोभाने एकदा दार जोरात लावलं तेव्हा जावयावर असा हात टाकतात काय, म्हणून तिला झापलं. ट्रकवाल्यांनाही त्या 'चलो भैया, पहले आप' म्हणून वाट देत होत्या, त्यामुळे आमच्या पुढे ट्रकांची मोठी रांग लागली होती. इतकं हसून माझं पोट दुखायला लागलं.

लखनादौनच्या अलीकडे माझ्या मुलाचा फोन आला. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या, तो तिला घेऊन दवाखान्यात पोचला होता. नागपूरहून संध्याकाळचं विमान होतं, त्याचं विहीणबाईंसाठी तिकीट त्याने तिथूनच काढलं. विहीणबाईंनी गाडी थांबवली, शोभाला चालवायला बसवलं आणि माझ्याजवळ मागे येऊन बसल्या. कुंडी आता माझ्या मांडीत होती. झाडागणिक थांबणारी ही बाई आता कुठेच थांबू देईना. ओठ सुकलेले, पण गाडी थांबवायची नाही आणि गाडीत प्यायचं नाही. मी बाटली पुढे केली की मान हलवायच्या. मध्येच एकदा म्हणाल्या, "मी येतपर्यंत दम धर म्हणून सांगितलं होतं तिले. काहून घाई केली पोरीनं?" कळा काय कुणाला विचारून येतात, असं शोभा म्हणाली, पण आम्हा तिघींचंही लक्ष रस्ता किती उरला याकडेच होतं.

कुरईच्या जंगलातून जाताना पुन्हा फोन वाजला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. मला रडूच कोसळलं. शोभाने गाडी कडेला घेतली आणि सवयीने दार उघडायला उतरली, पण विहीणबाई हलल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला आणि माझ्याकडे पाणी मागितलं. गाडीतच बसून त्या अख्खी बाटली प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "मी नव्हते जी तिथं."  मी रीतभात गुंडाळून ठेवली आणि त्यांना जवळ घेतलं. नागपूर येईपर्यंत त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसल्या होत्या.

विमानतळावर शोभाने डिक्की उघडली. एवढ्या सामानातून काय न्यावं ते विहीणबाईंना सुचेना. लाडवांचा डबा उचलला, ठेवला. कढईवरून हात फिरवला. शेवटी दुपट्यांचं गाठोडं तेवढं काखेत मारलं. जाता जाता वळून मला म्हणाल्या, "बाकीचं माहेर तुमच्या हवाली, विहीणबाई. सांभाळून आणा." आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या.

सुनेचं माहेर घेऊन निघालेली सासू मी तरी दुसरी पाहिलेली नाही. माझ्या पहिल्या खेपेला माझी आई अंथरुणाला खिळलेली होती. मला माहेर मिळालं नाही, आणि त्याचं वाईट वाटलं हे मी कधी कुणाला बोललेही नाही. शोभा म्हणाली, आता काय घाई आहे, मुक्काम करू, सकाळी आरामात निघू. मी म्हटलं, नाही, उजाडायच्या आत निघायचं. पोरगी वाट बघत असेल.