सात नंबरचं बोट

बाइंडर मावशींच्या उजव्या हाताचं पहिलं बोट काचेला दिसत नसे. माणसांना ते चांगलंच जाणवे. चाळीस वर्षं वह्या-पुस्तकं शिवून त्यावर दाभणाचे इतके घट्टे पडले होते की त्यांची सून म्हणे, आईंनी गालावरून हात फिरवला की साल निघतं. शिवाय कागद हाताचा ओलावा पितो आणि उरलासुरला खळ ओढून घेते. त्यामुळे पावसाळा असो की उन्हाळा, मावशींची बोटं कोरडी ठणठणीत.

याचा कुणाला काही त्रास नव्हता. मग दवाखान्यात नावनोंदणीचं यंत्र आलं. काचेवर ‘मी आलो आहे’ या चौकोनाला बोट लावायचं, की नंबर लागतो. मावशींनी बोट लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. रखवालदार म्हणाला, जोरात दाबा. मावशींनी इतक्या जोरात दाबलं की यंत्र मागे सरकलं, पण चौकोन ढिम्म. त्या समोरच्या बाकावर जाऊन बसल्या, कुणीतरी हाक मारेल म्हणून. दोन तासांनी कळलं की त्या गैरहजर आहेत.

मावशी भांडल्या नाहीत. घरी जाऊन त्यांनी जाड कागदाचा अर्धा ताव घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: ‘आज सकाळी ९.१० पासून ११.०५ पर्यंत मी या यंत्रासमोर हजर होते. यंत्राने मला गैरहजर ठरवले. खुलासा व्हावा.’ दुसऱ्या दिवशी जाऊन तो कागद त्यांनी यंत्राच्या कपाळावर चिकटवला. त्यांच्या हातची खळ म्हणजे पुस्तक फाटेल पण पुठ्ठा सुटणार नाही अशी. काच बनवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर बाई तो कागद खरवडायला आली, तिची अर्धी सकाळ त्यात गेली, आणि तरी एका कोपऱ्यात पिवळट डाग राहिलाच. खरवडता खरवडता तिने मजकूर मात्र चार वेळा वाचला होता. संध्याकाळी ती पत्ता काढत बाइंडिंगच्या दुकानात हजर.

मावशींना वाटलं, आता ही भरपाई मागणार. पण केसांच्या बुचड्यात पेन्सिल खोचलेल्या त्या बाईने मावशींचा हात हातात घेतला आणि सोनार दागिना बघतो तसा उजेडात फिरवून पाहिला. मग तिने समजावून सांगितलं. त्या काचेत केसाहून बारीक तारांचं जाळं असतं, डोळ्यांना न दिसणारं. त्यात अगदी किंचित वीज खेळत असते. माणसाचं बोट टेकलं की त्यातली चिमूटभर वीज बोटाकडे ओढली जाते आणि तेवढ्यावरून काचेला कळतं, इथे कुणीतरी आलं. जोराचा काही संबंध नाही. पण कातडी जाड आणि कोरडी असली तर ती ओढ इतकी कमी पडते की काचेला वाटतं, कुणीच नाही.

“मग काचेचे कान तिखट करा की,” मावशी म्हणाल्या.

“केले, तर पाण्याचा थेंब पडला तरी तिला वाटतं माणूस आला. तिथेच तर घोडं अडलंय, मावशी.”

तिच्या बोलावण्यावरून तेव्हापासून दर गुरुवारी मावशी कंपनीच्या प्रयोगशाळेत जाऊ लागल्या. तिथे परीक्षेसाठी आणखी सहा बोटं होती: लांब नखांचं एक, सतत घामेजलेलं एक, हातमोज्यातलं एक, असली. मावशींचं सातवं आणि सगळ्यांत हट्टी. सगळे त्यांना सात नंबर म्हणत. नवी काच आली की तिला शंभर वेळा बोट लावायचं आणि किती वेळा ओळखलं ते लिहायचं. सुट्या कागदांवर लिहिलेलं मावशींना बघवेना, म्हणून त्यांनी स्वतः एक रजिस्टर बांधून आणलं, कापडी पाठीचं. तारीख, वेळ, काच, ओळखलं, नाही ओळखलं. पहिल्या गुरुवारी शंभरात एकोणीस. वर्षभरात कशीबशी चाळिशी गाठली.

ही काच रुग्णालयातल्या खाटांशेजारी लागणार होती. रुग्णाने बोट लावलं की नर्स येणार. मावशींनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, दवाखान्यात मला गैरहजर ठरवलं तर मी पायी घरी गेले. खाटेवरचा माणूस कुठे जाईल?

वसंतात मावशींचं मनगट धरलं. डॉक्टरांनी तीन आठवडे दाभण बंद केलं. सुनेला आयतीच संधी मिळाली. रोज दुपारी ती क्रीमची ट्यूब घेऊन बसायची आणि सासूचे दोन्ही हात बोटाबोटाने चोळायची. मावशी आधी कुरकुरल्या, मग डोळे मिटून पडून राहू लागल्या. लग्न होऊन नऊ वर्षं झाली, पण दोघी रोज तासभर बोलत बसल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

त्याच दिवसांत शेवटची काच आली. गुरुवारी मावशींनी शंभर वेळा बोट लावलं. काचेने अठ्ठ्याण्णव वेळा ओळखलं. इंजिनिअर बाई टेबलावर डोकं टेकून हसायला लागली. तिच्या साहेबांनी केक मागवला. सोमवारी काच कारखान्यात जाणार असं ठरलं.

शनिवारी मावशी मनगट दाखवायला दवाखान्यात गेल्या. निव्वळ सवयीने त्यांनी त्या जुन्या यंत्राला बोट लावलं. पहिल्याच स्पर्शाला चौकोन हिरवा झाला: आपली नोंद झाली आहे. मावशी खूश झाल्या. आता हेही बदललं तर! मग त्यांचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. खळीचा पिवळट डाग जागच्या जागी होता.

त्या बाकावर बसल्या आणि स्वतःच्या बोटाकडे बघत राहिल्या. एखाद्या लहान मुलीचं असावं तसं दिसत होतं. म्हणजे काच शहाणी झालेली नव्हती. बोट बदललं होतं.

रविवारी दुपारी सून ट्यूब घेऊन आली, तेव्हा मावशींनी हात पदराखाली घेतले.

“दुखतोय का?” सुनेने विचारलं.

“नाही गं. मऊ झालाय.” आणि त्यांनी सगळं सांगितलं.

सून ट्यूबचं झाकण उघडत, लावत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “म्हणजे माझ्या क्रीमने परीक्षेत कॉपी केली.”

“तुझी काय चूक? उद्या ती काच जाईल. मग खाटेवर कुणी गवंडी पडलेला असेल, कुणी सुतार, आणि बोट मारत राहील. त्याला कोण क्रीम लावून देणार?”

“मग फोन करा, आई. इंजिनिअर बाईंना वाईट वाटेल, पण करा.” जरा थांबून ती म्हणाली, “आणि आता हे चोळणंही बंद, नाही का?”

मावशींना फोनपेक्षा ते जास्त जिवावर आलं होतं. त्यांनी फोन जवळ ओढला.

फोनवर इंजिनिअर बाईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, किती दिवस लावताय?

“एकवीस. लपवलं नाही हो. रजिस्टरात तसा रकानाच नव्हता.”

“तो मी आखायला हवा होता,” ती म्हणाली. केकची आठवण कुणीच काढली नाही.

सोमवारी काच कारखान्यात गेली नाही. साहेबांनी आठवडाभर सात नंबरशी अबोला धरला. मावशी दुकानात परतल्या आणि जाडजूड खातेवह्या शिवायला घेतल्या. महिन्याभरात बोट पूर्वीसारखं खरखरीत झालं. पुन्हा परीक्षा झाली. त्रेचाळीस.

इंजिनिअर बाईने मग काचेचे कान तिखट करण्याचा नाद सोडला आणि तिला धीर धरायला शिकवलं. कोरड्या बोटाची हलकी ओढ म्हणजे पुटपुटणंच; ते एकदा कळलं नाही, तर लगेच ‘कुणी नाही’ म्हणायचं नाही. त्याच जागची पुढची चार पुटपुटणी जोडून बघायची. बोटाची जोडून मोठी होतात, थेंबाची काही वेगळीच दिसतात. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. यात दोन महिने गेले.

पुढच्या परीक्षेला मावशींनी रजिस्टर उघडलं, तर त्यात पट्टीने आखलेला नवा रकाना होता: हाताला काय लावलं. मावशींनी चष्मा पुसला आणि लिहिलं: ‘उजवा: काही नाही. डावा: सुनेची क्रीम, रोज दुपारी.’

इंजिनिअर बाईने वाचलं आणि मावशींचे दोन्ही हात शेजारी शेजारी टेबलावर ठेवले. एक गवंड्याचा, एक बाळंतिणीचा.

“परीक्षेला उजवाच लागतो ना? डावा आमचा घरचा आहे,” मावशी म्हणाल्या.

शंभरात शहाण्णव. वर पाण्याचे पन्नास थेंब सांडले, एकालाही काच फसली नाही.

“आणि ते चार?” मावशींनी विचारलं.

“त्या चार वेळा माणसाला दुसऱ्यांदा बोट लावावं लागेल.”

मावशींनी जरा विचार केला. “मग जाऊ दे कारखान्यात. दुसऱ्या हाकेला तर आमच्या घरातलेही येतात.” आणि चारचा आकडा त्याच्या रकान्यात नीट लिहून त्यांनी रजिस्टर मिटलं.