शमुवेल सरांचे मेलेले गडी

फाट्! फाट्! फाट्!

साठ वर्षं होत आली, तरी तो आवाज कानातून जात नाही. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत सकाळी सकाळी उभे राहून शमुवेल सर स्वतःच्याच मांडीवर थापा मारायचे. शिटी विकत घ्यायला शाळेने नाही म्हटलं होतं, म्हणून! तिसऱ्या थापेला कबड्डीची सगळी पोरं हजर पाहिजेत. चौथी थाप उशिरा येणाऱ्याच्या पाठीवर पडायची.

सरांचे किस्से म्हणजे धानाचा पुंजना. एक पेंढी ओढायला जावं, तर चार अंगावर येतात. हाताला लागल्या तेवढ्या सांगतो.

* * *

सर नगरकडचे. नवेगाव बांधाच्या तलावाजवळच्या आमच्या गावात आलेले पहिले ख्रिस्ती. कोणी धर्माचं विचारलं की साधं उत्तर द्यायचे, "माझं तारण झालं आहे."

आमच्याकडे तारण म्हणजे सोसायटीत कर्जापोटी ठेवतात ते. माझा मित्र दसाराम, त्याचा बाप ते ऐकून घाबरलाच.

"कायचं तारण जी सर? बैलाचं का वावराचं?"

"माझं स्वतःचं."

"अरे बापा! मंग सोडवन कोन?"

"सोडवलं ना! ज्याने सोडवायचं त्याने केव्हाच सोडवलं!"

दसारामच्या बापाला एवढंच समजलं की नवा मास्तर बिचारा स्वतःच गहाण पडला होता. संध्याकाळपर्यंत पायलीभर तांदूळ, टोपलीभर वांगी आणि एक कोंबडी सरांच्या दारात! सरांनी सगळ्यांना खुलासा केला. पण कोंबडी शिजल्यावर!

* * *

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते. एका मंडईत कबड्डीचे सामने होते. सामन्याआधी सरांनी आम्हाला गोल उभं केलं आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. प्रार्थना इतकी लांबली, की समोरची टीम दोनदा पाणी पिऊन आली.

दसारामने एक डोळा उघडला. "सर, देव आपल्याकडून हाय का?"

"देव कोणाकडून नसतो. तो पंच आहे."

"मंग येवढी प्रार्थना कायले करून राहिले?"

"अरे, पंचाशी ओळख असलेली बरी!"

ओळख कामी आली नाही. आम्ही असे हरलो, की मंडईत आमच्याकडून जिलबीचे पैसे घ्यायला हलवाई लाजला.

* * *

कबड्डीत बाद झालेल्याला आम्ही 'मेला' म्हणायचो. मेलेल्याने रेषेबाहेर ओळीत बसायचं. आपल्या गड्याने समोरचा एक मारला, की आपला पहिला मेलेला जिवंत होऊन आत यायचा.

मी मरण्यात पटाईत होतो. बाहेर बसलो की जीव नुसता तळमळायचा.

"सर, मी काय करू?"

"मेलेला माणूस काय करतो?"

"काहीच नाही."

"मग तेच कर!"

एक दिवस घरी आलो आणि आईला कौतुकाने सांगितलं, "आज मी पाच डाव मेलो." ती तशीच खुरपं हातात घेऊन शाळेत!

"काऊन जी सर, माह्या पोराले पाच डाव मारलं म्हनते?"

सर दोन पावलं मागे सरकले. "पण मावशी, पाचही वेळा उठवलं ना! नाही तर घरी कोण आलं?"

आईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे बरोबर हाय," म्हणाली आणि निंदायला निघून गेली.

* * *

दसाराम मोठा झाल्यावर सरांच्या धर्मात गेला. लोक म्हणायचे, नाताळच्या केकसाठी गेला. तो म्हणायचा, "केक तर तसाही भेटते!"

त्याचा बाप्तिस्मा बांधाच्या पाण्यात झाला. नागपूरहून चर्चचे म्हातारे पाळक आले होते. त्यांनी दसारामचं डोकं पाण्याखाली घातलं आणि दसाराम वर आलाच नाही! पाळक चाचपडू लागले. काठावरची गाणी बंद झाली. सर बूट घालूनच पाण्यात शिरले.

तेवढ्यात वीस हात पलीकडे दसारामचं डोकं निघालं.

"सर! दम पाहिला का माझा?"

पाळकांनी छातीवर हात ठेवून विचारलं, "हा नक्की विश्वास ठेवायला आला आहे ना?"

"ते पुढे बघू," सर म्हणाले, "पण चढाईला ह्याला पहिला पाठवायचा."

पुढे होळीत हाच दसाराम मोहाची पिऊन नालीत पडला. दुसऱ्या दिवशी डोकं धरून सरांकडे. मी सोबत होतो.

"सर, माझं तारण गेलं का जी?"

"जाईल कुठे?"

"मी तं काल नालीत होतो!"

"मग तेही नालीत होतं. जा, आंघोळ कर. दोघांचाही वास येतोय."

* * *

आता सर पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. दसाराम जाऊन तीन वर्षं झाली. मी रोज सरांकडे जाऊन बसतो. ते रोज माझं नाव विचारतात. मी सांगितलं की म्हणतात, "छान. खेळतोस का काही?"

सरांच्या घरच्या म्हणजे आमच्या मार्थाबाई. परवा सरांनी त्यांनाच विचारलं, "तुम्ही कोणाच्या घरच्या?"

"तुमच्याच."

"बरं झालं. चहा चांगला करता."

जेवणाआधीची प्रार्थना मात्र सुटलेली नाही. हात जोडतात, डोळे मिटतात, आठवून आठवून थकतात आणि म्हणतात, "ज्याने कोणी दिलं असेल, त्याचे आभार. आमेन."

मी हसतो. बाई हसत नाहीत. एकदा वांगी चिरता चिरता मला म्हणाल्या, "किसन, यांना येशूचं नावसुद्धा आठवत नाही रे. वर गेल्यावर विचारलं, तर हे काय सांगतील?"

"तुमी असान ना बाई सांगाले."

"आणि मी नंतर पोचले तर? तोवर यांना दारात कोण घेईल?"

मी वांगी चिरू लागलो.

* * *

मागच्या महिन्यात नवे पास्टर भेटायला आले. तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. चहा झाल्यावर त्यांनी खुर्ची सरांजवळ ओढली.

"सर, येशू कोण आहे?"

सरांनी बराच विचार केला. "कोणत्या गावचा?"

"नासरेथचा."

"नाही बुवा. त्या गावची टीम मंडईत कधी आली नाही."

मी तोंडावर गमछा धरला. बाईंनी हातातली बशी खाली ठेवली.

पास्टर त्यांच्याकडे वळले. "बाई, वाईट वाटून घेऊ नका. पण विश्वास म्हणजे प्रभूचा हात घट्ट धरून ठेवणं. सरांच्या हातून तो सुटला आहे. आता खात्री कशी द्यायची?"

"म्हणजे हे तिथे नसतील?" बाईंनी विचारलं.

"आपण प्रार्थना करू," म्हणत पास्टर उठले आणि निरोप घ्यायला सरांच्या खांद्याकडे हात नेला.

खपकन सरांनी मनगट धरलं.

पास्टर हसले. हलकेच ओढून पाहिलं. मग जोराने ओढलं. मग पाय रोवून ओढलं. सरांची खुर्ची करकरली, सर हलले नाहीत.

"ओढ, ओढ," सर खुशीत म्हणाले, "दम लाव!"

"सोडा ना सर! मी तर तुम्हाला धरलंसुद्धा नाही!"

खरंच धरलं नव्हतं. पास्टरची पाचही बोटं मोकळी, हवेत नुसती फडफडत होती.

"बाई, तुम्ही तरी सांगा ना यांना!"

बाईंनी त्या मोकळ्या बोटांकडे पाहिलं. मग सरांच्या मुठीकडे पाहिलं. "तुम्ही धरलं नाही, तरी सुटला नाहीत ना!" म्हणत हसल्या. मग कपबश्या गोळा केल्या आणि आत निघून गेल्या.